तक्रारवहीचा इतिहास

हत्यारांचा इतिहास आपण नेहमी करणाऱ्याच्या नावाने सांगतो. वाफेचे यंत्र म्हटले की वॅट, छापखाना म्हटला की गुटेनबर्ग. ज्याने ते हत्यार रोज हातात धरले, ज्याच्या बोटाला त्याची धार लागली, आणि ज्याने ‘ही मूठ अशी नको, तशी हवी’ असे सांगितले, त्याचे नाव कोठेही सापडत नाही. त्याचे म्हणणे तोंडी होते व ते कारखान्याच्या आवाजात विरून गेले. सुधारलेली मूठ तेवढी उरली आणि तिचे श्रेय मालकाच्या किंवा इंजिनियरच्या खात्यावर जमा झाले.

संगणकाच्या क्षेत्रात मात्र एक वेगळा प्रकार घडला आहे. तेथील काही हत्यारांच्या बाबतीत वापरणाऱ्याची प्रत्येक तक्रार तारखेसह, क्रमांकासह लिहिली गेली, आणि ती वही सर्वांना वाचावयास खुली आहे. असा दप्तरखाना इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचितच मिळतो. गेल्या काही वर्षांत संगणक-कंपन्यांतील तरुण कामगारांबरोबर काम करताना या वहीची माझी ओळख झाली. तिच्यातील एका हत्याराची हकीकत आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. त्या हत्याराचे नाव ‘जँगो’.

प्रथम हे हत्यार म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपण रस्त्यावर ट्रक पाहतो. त्याची चासी कारखान्यात तयार होते. इंजिन, चाके, स्टिअरिंग हे सारे तिच्यावर बसवूनच येते. मग गावचा बॉडी बिल्डर तिच्यावर लाकडाचा व पत्र्याचा सांगाडा चढवतो. कोणाला उसासाठी ट्रक हवा असतो, कोणाला दुधासाठी. संगणकावर जी संकेतस्थळे चालतात, म्हणजे वर्तमानपत्राची पाने, तिकीट काढण्याची खिडकी, दवाखान्याची नोंदणी, त्यांचेही असेच असते. माहिती साठवणे, ती शोधून काढणे, आत येणाऱ्याची ओळख पटवणे, पान मांडून दाखवणे ही कामे सर्वांना सारखीच लागतात. ती दर वेळी नव्याने न करता तयार मिळावीत म्हणून जी चासी बनवतात तिला ‘फ्रेमवर्क’ म्हणतात. आपण तिला चौकट म्हणू. तिच्यावर बॉडी चढवणारा तो प्रोग्रामर. चासीचे कोणते भोक चुकीच्या जागी पडले आहे हे चासी बनवणाऱ्याच्या आधी बॉडी चढवणाऱ्याला कळते. आजच्या विषयाचे मूळ येथेच आहे.

जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या विद्यापीठाच्या गावी झाला. ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ हे तेथील स्थानिक वर्तमानपत्र. २००३ साली त्याच्या संगणक विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोन तरुण काम करीत होते. विलिसन हा इंग्लंडहून एका वर्षासाठी आलेला विद्यार्थी. वर्तमानपत्राचे काम घड्याळावर चालते. निवडणुकीचा निकाल आज लागला तर त्याचे पान आजच दिसले पाहिजे. पुढच्या आठवड्यात ते रद्दी. या घाईतून सुटण्यासाठी दोघांनी पायथन या भाषेत आपल्यापुरती एक चौकट रचली. पुढे जेकब कॅप्लन-मॉस त्यांना येऊन मिळाला. या काळात तक्रार नोंदवण्याची गरजच नव्हती. वापरणारा शेजारच्या टेबलावर बसलेला. त्याने मान वळवून सांगितले की काम झाले.

जुलै २००५ मध्ये ही चौकट सर्वांसाठी खुली करण्यात आली. परवाना असा, की कोणीही ती फुकट घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी, धंद्यातही वापरावी. जाँगो राइनहार्ट या प्रसिद्ध गिटारवादकावरून तिचे नाव ठेवले. १९२८ साली आगीत होरपळून या कलावंताच्या डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाली होती, आणि उरलेल्या बोटांनी त्याने वादनाची नवी रीत बसवली. चौकट खुली झाली त्या दिवसापासून वापरणारा शेजारच्या टेबलावर राहिला नाही. तो मॉस्कोत असेल, बर्लिनमध्ये असेल, पुण्यातही असेल. त्याचे म्हणणे ऐकायचे तर वही हवी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणारी वही सुरू झाली; त्या नोंदीला या लोकांच्या भाषेत ‘तिकीट’ म्हणतात. आज ही तिकिटे पस्तीस हजारांपलीकडे गेली आहेत.

पहिली मोठी तक्रार ‘जादू’विषयी होती. निर्मात्यांनी वापरणाऱ्याचे श्रम वाचावेत म्हणून बरीच कामे पडद्याआड करून ठेवली होती. तुम्ही आपला जिन्नस आपल्या कपाटात ठेवावा, चौकटीने तो गुपचूप उचलून स्वतःच्या कपाटात मांडावा, आणि तुम्हाला हवा असेल तेव्हा तो तिच्याच कपाटातून मागावा लागावा, असा तो प्रकार. ज्यांनी ती रचली त्यांना ही सोय वाटे; बाहेरून आलेल्याला मात्र आपली वस्तू कोठे गेली तेच कळेना. बिघाड झाला तर शोधायचा कोठे? लोकांनी सांगितले, आम्हाला चमत्कार नको, पायथनची सरळ रीत हवी. निर्मात्यांनी ते मान्य केले. ‘जादू काढून टाकणे’ याच नावाने वेगळे काम हाती घेतले गेले आणि जुलै २००६ च्या ०.९५ या आवृत्तीत ते लोकांपर्यंत पोहोचले. यासाठी किंमतही पडली. जुन्या चासीवर ज्यांनी बॉडी चढवली होती त्या सर्वांना आपले काम पुन्हा जुळवून घ्यावे लागले. परंतु वेळेवर केलेली ही दुरुस्ती चौकटीला पुढे उपयोगी पडली, यात शंका नाही.

दुसरी तक्रार लिपीची होती, आणि तिच्याशी आपला मराठी माणसांचा थेट संबंध आहे. कॅन्ससच्या वर्तमानपत्राला इंग्रजी अक्षरांपलीकडे फारसे काही लागत नव्हते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे यंत्राच्या स्मृतीतील एक घर, ज्याला बाइट म्हणतात. देवनागरीचे तसे नाही. ‘कामगार’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मोजतो. युनिकोड या जागतिक संकेतात काने धरून त्याची सहा चिन्हे होतात, आणि सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीने ती साठवली तर प्रत्येक चिन्हास तीन, अशी अठरा घरे लागतात. यंत्र चिन्हे न मोजता घरे मोजू लागले, तर मजकूर आखूड करताना ते अक्षराच्या पोटातूनच कात्री चालवते आणि पडद्यावर प्रश्नचिन्हे व चौकोन उमटतात. ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा देशोदेशींच्या वापरणाऱ्यांना हा त्रास होत होता. माल्कम ट्रेडिनिक या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००७ साली चौकटीचे अंतरंग युनिकोडवर आणण्याचे किचकट काम पार पाडले. सप्टेंबर २००८ मध्ये जँगोची १.० ही पहिली पक्की आवृत्ती निघाली, ती या पायावर उभी होती. हाच ट्रेडिनिक नवख्यांच्या प्रश्नांना तासन्तास धीराने उत्तरे देत असे. २०१३ साली तो वारला. जँगोची जी विश्वस्त संस्था आहे ती त्याच्या नावे एक पारितोषिक देते, आणि ते देताना नवागतांशी असलेला जिव्हाळा पाहते. श्रोतेहो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या संस्थेत नवख्याचा प्रश्न हसण्यावारी जातो तेथे तक्रारवही कोरीच राहते, आणि मग व्यवस्थापक म्हणतात, आमच्याकडे सर्व कुशल आहे.

त्याच महिन्यात, म्हणजे सप्टेंबर २००८ मध्ये, जँगोच्या लोकांचे पहिले अमेरिकन संमेलन कॅलिफोर्नियात भरले. त्यात भाषणासाठी त्यांनी कोणाला बोलवावे? ‘फ्लिकर’ या छायाचित्रांच्या प्रचंड संकेतस्थळाचा प्रोग्रामर कॅल हेंडरसन याला. त्याच्या भाषणाचा विषय होता ‘मला जँगो का आवडत नाही’. आपल्याकडे संस्थेच्या पहिल्याच अधिवेशनात टीकाकाराला हार घालून व्यासपीठावर बसवण्याची प्रथा कितपत आहे, ते आपण जाणताच! हेंडरसनने विनोद केले, थट्टा केली, पण दाखवलेल्या उणिवा खऱ्या होत्या. मोठ्या संकेतस्थळाची माहिती एका कोठारात मावत नाही, अनेक कोठारे लागतात. आणि जँगोला तर एकाच कोठाराशी बोलता येत होते. पुढे ॲलेक्स गेनर या विद्यार्थ्याने गूगलच्या उन्हाळी योजनेतून मानधन घेऊन २००९ साली हे काम केले आणि मे २०१० च्या १.२ आवृत्तीत अनेक कोठारांची सोय झाली.

आता मी ज्या तिकिटाविषयी सांगणार आहे, त्याचा क्रमांक ३०११. ते २००६ साली नोंदले गेले. विषय साधा होता. आत येणाऱ्या माणसाची नोंद ठेवण्याचा जो तक्ता चौकटीबरोबर येई, तो ठरावीक होता. वापरनाव तीस अक्षरांचे, पहिले नाव तीस अक्षरांचे, आडनाव तीस अक्षरांचे. बदल करायचा नाही. ज्यांना ई-मेलच्या पत्त्यानेच आत घ्यायचे होते त्यांना तीस अक्षरे पुरत नव्हती. ज्यांच्या देशात आडनावाची चालच नाही त्यांच्या रकान्यात काय भरावे, हाही प्रश्न होता. आपल्या दक्षिणेतही आडनाव न लावणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मागणी अशी, की हा तक्ता ज्याचा त्याला आपल्या गरजेप्रमाणे आखू द्यावा.

ही मागणी मान्य होऊन अमलात येण्यास २०१३ चा फेब्रुवारी उजाडला. सहा वर्षांहून अधिक! यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. हा तक्ता चौकटीच्या इतक्या भागांत गुंतलेला होता की तो हलवला तर हजारो चालू संकेतस्थळे कोसळली असती. अनेक तोडगे सुचवले गेले, त्यांतील दोष दाखवले गेले, ते मागे पडले. शेवटी १.५ या आवृत्तीत रसेल कीथ-मॅगी याने आणलेला मार्ग रूढ झाला: जुना तक्ता ज्याला पुरतो त्याने तो ठेवावा, ज्याला पुरत नाही त्याने आपला लावावा. त्यानंतरही मूळ तक्त्यातील अक्षरमर्यादा हळूहळूच सैल झाल्या. वापरनाव २०१६ मध्ये दीडशे अक्षरांचे झाले, आडनाव २०१७ च्या अखेरीस, आणि पहिले नाव २०२० मध्ये.

तीस अक्षरांचा हा वाद क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. परंतु हजेरीपटावर एक नाव, बँकेत दुसरे आणि फंडाच्या कागदावर तिसरेच, म्हणून हक्काच्या पैशासाठी खेटे घालणारे कामगार मी आयुष्यभर पाहिले आहेत. रकाना लहान असला की माणूस त्यात बसावा म्हणून कापला जातो. रकाना कोणीतरी कोठेतरी बसून आखलेला असतो, आणि आखणाऱ्याचे स्वतःचे नाव त्यात आरामात मावलेले असते. म्हणून तिकीट क्रमांक ३०११ माझ्या दृष्टीने इतिहासाचा दस्तऐवज आहे.

आणखी एक प्रकरण थोडक्यात सांगतो. चालू कचेरीत वहीचे रकाने बदलायचे तर जुन्या नोंदी नव्या रकान्यांत बिनचूक उतरवाव्या लागतात. जँगोपाशी याची सोय नव्हती. वापरणाऱ्यांनी तक्रार करून हात बांधून घेतले नाहीत. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी जोडहत्यारे बनवली. त्यांतील अँड्रू गॉडविन या इंग्लिश तरुणाचे २००८ साली निघालेले ‘साउथ’ बहुतेकांनी स्वीकारले. ते मूळ चौकटीतच घ्यावे म्हणून त्याने २०१३ साली जाहीर वर्गणी मागितली. अडीच हजार पौंडांची मागणी होती, जमले सतरा हजारांवर. सप्टेंबर २०१४ च्या १.७ आवृत्तीत ही सोय चौकटीचा भाग झाली. तक्रारीचे रूप तोंडी कुरकुरीपुरतेच असते असे नाही. माणसे स्वतः दुरुस्ती करून दाखवतात, तीही एक तक्रारच असते, आणि पुष्कळदा सर्वांत जोरकस असते.

आता या वहीचे नियम पाहू, कारण खरी गंमत त्यांत आहे. तक्रार आली की तिला क्रमांक मिळतो. दुसरा कोणीतरी तीच चूक आपल्या यंत्रावर घडते का ते पाहतो, मगच ती ग्राह्य धरली जाते. नाकारली तर कारण लिहावे लागते, आणि ते कारण जगाला दिसते. ज्याने दुरुस्ती केली त्याने स्वतःच ‘दुरुस्ती उत्तम आहे’ असा शेरा मारायचा नाही. तो दुसऱ्याने मारायचा. दुरुस्तीबरोबर तिची चाचणी आणि माहितीपत्रकातील मजकूर जोडावा लागतो. चोराला वाट दाखवील असा सुरक्षिततेचा दोष मात्र उघड वहीत न लिहिता खाजगी पत्राने कळवायचा, आणि दुरुस्ती तयार झाल्यावर जाहीर करायचा. आणि जुनी सोय काढून टाकायची असेल तर ती एकाएकी काढायची नाही. दोन आवृत्त्यांपर्यंत तशी सूचना देत राहायची, म्हणजे लोकांना आपले काम जुळवून घेण्यास सवड मिळते. नोटीस दिल्याशिवाय बदल नाही, हे तत्त्व आमच्या चळवळीला परके नाही. त्यासाठी आम्ही किती मोर्चे काढले ते आपणांस ठाऊक आहे.

एका कारखान्यात मी तक्रारपेटी पाहिली होती. फाटकापाशी भिंतीवर लावलेली, हिरवा रंग दिलेली, कुलूपबंद. किल्ली व्यवस्थापकाकडे. पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याला पोच नाही, उत्तर नाही. चिठ्ठी वाचली की टाकून दिली तेही कळायला मार्ग नाही. दोनचार महिन्यांत लोक तिच्यात विड्यांची थोटके टाकू लागले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असतील तेथे मालक-मजुरांच्या संयुक्त कार्यसमितीची तरतूद केली, तिचा हेतू हाच होता की म्हणणे समोरासमोर यावे आणि त्याला उत्तर मिळावे. पेटी आणि वही यांतील फरक उत्तराचा आहे. ज्याला कारणासह नकार मिळतो तो पुन्हा येतो. ज्याला मौन मिळते तो येत नाही.

परंतु उत्तर देणे हेही काम आहे, आणि काम म्हटले की दाम आला. जँगोच्या इतिहासाचा हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. कित्येक वर्षे तिकिटे वाचण्याचे, तपासण्याचे काम हौशी माणसे नोकरी सांभाळून रात्री करीत. त्यांच्या चौकटीवर इन्स्टाग्रामसारख्या अवाढव्य कंपन्या उभ्या राहिल्या, आणि इकडे वाचणारे थकत गेले, तिकिटे साचत गेली. अखेर २००८ साली स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेने २०१४ मध्ये देणग्यांतून पगार देऊन माणूस नेमण्यास आरंभ केला. नवा मजकूर लिहिणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. आलेल्या तक्रारी पाहणे, दुसऱ्यांच्या दुरुस्त्या तपासणे, आवृत्ती वेळेवर काढणे, हे त्याचे काम. त्यानंतर आवृत्त्या ठरल्या वेळी निघू लागल्या. ऐकण्याला वेतन दिले की ऐकणे नियमित होते, हा साधा हिशेब त्यांना नऊ वर्षांनी उमगला. आमच्याकडील कित्येक संस्थांना तो अजून उमगावयाचा आहे.

याच काळात अधिकाराचीही वाटणी झाली. होलोवाटी आणि कॅप्लन-मॉस यांच्याकडे अखेरचा शब्द होता. जानेवारी २०१४ मध्ये दोघांनी तो स्वेच्छेने सोडला. २०२० साली तर ‘मुख्य गट’ म्हणून जी निवडक मंडळी होती तो गटच विसर्जित केला गेला. गटात प्रवेश म्हणजे मोठा मान, अशी समजूत होऊन नवी माणसे बाहेरच थबकतात, हे ध्यानात आले होते. त्याऐवजी दुरुस्ती अखेरीस चौकटीत घालण्याचे आणि आवृत्ती काढण्याचे काम काहींकडे नेमून दिले. बाकी चर्चेचा हक्क सर्वांचा.

येथे कोणी विचारील, सगळ्यांचे ऐकून काही घडते काय? दहा जणांनी दहा भोके पाडायला सांगितली तर चासीची चाळण होईल. आक्षेप रास्त आहे. जँगोच्या वहीत नाकारलेली तिकिटे हजारोंनी आहेत. पण नाकारलेली मागणी पुष्कळदा जोडहत्यार म्हणून बाहेर वाढते, लोकांच्या वापरात कसाला लागते, आणि खरी ठरली तर ‘साउथ’सारखी परत येते. नकार देण्याची ताकद आणि ऐकण्याची तयारी या दोन्ही एका संस्थेत नांदू शकतात, एवढे या वीस वर्षांनी दाखवले आहे.

माझा स्वतःचा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो मांडून मी रजा घेतो. ही वही इंग्रजीत आहे. तिच्यात लिहितो तो प्रोग्रामर. म्हणजे बॉडी चढवणारा. त्या ट्रकमध्ये रात्रभर बसून जाणारा हमाल तिच्यात लिहीत नाही. संकेतस्थळावर अर्ज भरताना ज्या बाईचे नाव रकान्यात मावत नाही, ज्या म्हाताऱ्याला ‘चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच वारंवार वाचावे लागते, त्याला तिकीट क्रमांक कोण देणार? चौकट करणाऱ्यांनी आपल्यापुढच्या माणसासाठी वही उघडली. त्या चौकटीवर कचेऱ्या, बँका, इस्पितळे यांची खिडकी बांधणाऱ्यांनी आपल्यापुढच्या माणसासाठी ती उघडली आहे काय? बहुतेक ठिकाणी भिंतीवरची हिरवी पेटीच आहे. फरक इतकाच की आता ती पडद्यावर दिसते.

तेव्हा पुढल्या वेळी एखाद्या खिडकीवर आपणांस सांगितले गेले की ‘यंत्र घेत नाही, आम्ही काय करणार’, तर तेवढ्याने परतू नका. यंत्र घेत नाही याचा अर्थ कोणीतरी रकाना लहान आखला आहे. आपली तक्रार लेखी द्या, तिचा क्रमांक मागा, आणि नकार मिळाला तर त्याचे कारण लेखी मागा. तीस अक्षरांचे दीडशे होण्यास कित्येक वर्षे लागली हे खरे. पण ती झाली, आणि कोणीतरी २००६ साली पहिली ओळ लिहिली होती म्हणून झाली.